खपलीचं पीठ, मीठ आणि 'इमोलेट'

सांगली-साताऱ्याकडे खिरीसाठी जो लालसर, टरफल घट्ट धरून बसणारा गहू वापरतात, त्याला आपण खपली म्हणतो. याच जातीचा गहू प्राचीन रोममध्ये 'फार' या नावाने ओळखला जायचा (आपल्या 'फार'शी त्याचा काही संबंध नाही). तो भाजायचा, कांडायचा, जात्यावर दळायचा आणि त्यात मीठ मिसळायचं. या खारट भरड पिठातून इंग्रजीतला एक भीषण शब्द जन्माला आला आहे. तो शब्द म्हणजे 'इमोलेट'.

आज इंग्रजी शब्दकोश उघडला तर 'इमोलेट'चे दोन अर्थ दिसतात. पहिला, बळी देणे. दुसरा, ठार करणे किंवा नष्ट करणे, विशेषतः आगीने. वर्तमानपत्रं वाचणाऱ्याला दुसराच अर्थ ओळखीचा असतो, कारण 'सेल्फ-इमोलेशन' हा शब्द आत्मदहनाच्या बातमीतच भेटतो. त्यामुळे या शब्दाच्या मुळाशी आग असणार, असं कुणीही धरून चालेल. मीही बरीच वर्षं तसंच धरून होतो. प्रत्यक्षात त्याच्या मुळाशी जातं आहे.

लॅटिनमध्ये जात्याला 'मोला' म्हणत. जात्यातून निघालेल्या भरडीलाही मोलाच म्हणत. दळण्याचं क्रियापद 'मोलेरे'. हे कुटुंब आपल्याला अनोळखी नाही. दाताचे डॉक्टर दाढेला 'मोलर' म्हणतात, कारण दाढ अन्न दळते. इंग्रजीतली 'मिल' याच घरातली. समुद्रात 'मोला मोला' नावाचा एक अगडबंब गोल मासा असतो, त्याचं नावसुद्धा जात्याच्या पाळीवरूनच पडलं. आता या 'मोला'च्या आधी 'इन' जोडा. इथे त्याचा अर्थ 'वर'. 'न'च्या पुढे 'म' आला की उच्चारात दोन्ही 'म' होतात, आणि तयार होतं 'इम्मोलारे', म्हणजे एखाद्यावर भरडलेलं पीठ टाकणे. शब्दात एवढंच आहे. सुरी नाही, रक्त नाही, ज्वाळा नाही.

हा तर्क नंतरच्या कुणी जुळवलेला नाही. फेस्टस नावाच्या रोमन कोशकाराच्या ग्रंथाचा जो संक्षेप आठव्या शतकात झाला, त्यात ही व्याख्या सरळ दिली आहे: दळलेला फार आणि मीठ यांची 'मोला' शिंपडून बळीचा प्राणी देवाच्या नावाचा करणे म्हणजे इम्मोलारे.

त्या पिठाचं पूर्ण नाव 'मोला साल्सा'. साल्सा म्हणजे खारवलेली. हॉटेलात चिप्सबरोबर जी टोमॅटोची साल्सा येते, ती स्पॅनिशमार्गे आलेली याच शब्दाची लेक. मोला साल्सा मात्र बाजारात मिळत नसे. ती करण्याचा मान रोममधल्या सहा बायकांचा होता. वेस्टा ही रोमची चुलीची देवता. तिच्या मंदिरातला अग्नी विझू न देणाऱ्या या पुजारिणी सहा ते दहा वर्षांच्या वयात निवडल्या जात आणि तीस वर्षं तिथे राहत. पहिली दहा वर्षं शिकायचं, पुढची दहा करायचं, शेवटची दहा नव्या मुलींना शिकवायचं. त्या काळात लग्न नाही.

पिठाचं काम वर्षाच्या कॅलेंडरला बांधलेलं होतं. ७ मे ते १४ मे या दिवसांत, एक दिवसाआड, त्यांच्यातल्या तिघी ज्येष्ठ पुजारिणी फारच्या कोवळ्या ओंब्या टोपल्यांत गोळा करत, स्वतः भाजत, कांडत, दळत आणि साठवून ठेवत. मग वर्षातून तीनदा, १५ फेब्रुवारीच्या लुपरकालिया सणाला, ९ जूनच्या वेस्टालियाला आणि १३ सप्टेंबरला, त्या पिठात मीठ घालून मोला साल्सा तयार होई. मीठही जसंच्या तसं चालत नसे. जाडं मीठ उखळात कुटायचं, मातीच्या मडक्यात भरायचं, तोंड लिंपून बंद करायचं आणि भट्टीत भाजायचं. त्याचा दगडासारखा गोळा झाला की लोखंडी करवतीने कापायचा, आणि वाहत्या झऱ्याचं पाणी घालून त्याचं खारवणी करायचं. नळातून आलेलं पाणी चालत नसे. आपल्याकडे सोवळ्यात केलेल्या नैवेद्याची शिस्त ज्यांनी घरात पाहिली आहे, त्यांना हे वाचताना परकं वाटणार नाही.

भाजण्याचं कारण धार्मिक होण्याआधी व्यावहारिक असणार. खपलीचं टरफल नुसत्या मळणीने सुटत नाही. दाणा भाजला किंवा कांडला की सुटतं. थोरला प्लिनी हा पहिल्या शतकातला लेखक सांगतो की रोमचा दुसरा राजा नुमा याने धान्य आणि मोला साल्सा वाहून देवांची पूजा करायची रीत घालून दिली, आणि फार भाजायचं हेही त्यानेच लावून दिलं. नुमा निम्मा आख्यायिकेतला राजा आहे, तेव्हा या श्रेयाचं काय करायचं ते आपण ठरवू. पण रोमन माणसाला स्वतःच्या धर्माची सुरुवात रक्तातून झालेली आठवत नव्हती, पिठातून झालेली आठवत होती, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मोला साल्सेशिवाय कोणताही विधी पुरा होत नाही, असंही प्लिनीच नोंदवतो. आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तो नम्रपणे लिहितो की ज्यांच्याकडे धूप नसतो ते नुसती मोला साल्सा वाहून देवाला प्रसन्न करतात.

आपल्याकडच्या माणसाच्या मनात इथे अक्षता येणारच. मूठभर धान्य, देवाच्या किंवा वधूवरांच्या अंगावर टाकायचं, आणि त्याने त्यांना पवित्र करायचं. हातवारे सारखे आहेत. धान्य मात्र नेमकं उलट आहे. अक्षता म्हणजे न तुटलेले, अखंड तांदूळ. तुटका दाणा त्यात चालत नाही. रोमनांचं धान्य दळलेलंच हवं. ग्रीक लोक बळीच्या वेळी जवाचे दाणे फेकत. तिघांच्या हातांत धान्य आहे.

आता हे पीठ कधी वापरत ते पाहू, कारण शब्दाचा सगळा प्रवास तिथून सुरू होतो.

रोममधला मोठा यज्ञविधी असा चाले. बैल, डुक्कर किंवा मेंढा धुऊन, शिंगांना आणि डोक्याला लोकरीच्या पट्ट्या बांधून मिरवत आणत. पुजारी डोक्यावरून वस्त्राचा पदर घेई. आधी लहानशा अग्नीत धूप आणि द्राक्षासव वाहायचं, ही प्रस्तावना. मग खरा क्षण. पुजारी प्राण्याच्या पाठीवर आणि डोक्यावर मोला साल्सा शिंपडे, कपाळावर द्राक्षासव ओते, आणि सुरी हातात घेऊन तिचं पातं डोक्यापासून शेपटीपर्यंत पाठीवरून नुसतं फिरवे. कातडीला ओरखडाही उठत नसे. याला म्हणत 'इम्मोलातिओ'. हे झालं की तो प्राणी माणसांचा राहत नसे, देवाचा होई. तेव्हा तो जिवंत असे, चार पायांवर उभा.

मारण्याचं काम त्यानंतरचं, आणि ते करणारी माणसं वेगळी. कमरेपर्यंत उघडा सेवक हातोडा किंवा कुऱ्हाड घेऊन उभा असे. तो विचारी, 'आगोने?' म्हणजे, 'करू का?' होकार मिळाल्याशिवाय घाव नाही. दुसरा गळा चिरी. मग पोट उघडून काळीज, यकृत, फुप्फुसं नीट आहेत का ते पाहत. या अवयवांवर पुन्हा मोला साल्सा पडे आणि तेवढेच देवासाठी वेदीवर जाळले जात. उरलेलं मांस? ते शिजवून माणसंच खात.

आग होती ती एवढीच. अख्खा प्राणी जाळायची रीत ग्रीकांत होती, पण ती विरळ प्रसंगांची, आणि तिला वेगळा शब्द होता: 'होलोकाउस्टोन', संपूर्ण जाळलेलं. तोच पुढे 'होलोकॉस्ट' झाला. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराला हा शब्द लावणं अनेक ज्यूंना मान्य नाही. ते 'शोआ' म्हणतात. त्यांचा आक्षेप मला पटतो. होलोकॉस्ट हे मुळात देवाला केलेलं अर्पण आहे, आणि साठ लाख माणसांचा खून कोणत्याही देवाला केलेलं अर्पण नव्हता. म्हणजे ज्या शब्दात खरोखर आग होती तो दुसऱ्याच अर्थाकडे गेला, आणि ज्याच्यात पीठ होतं त्याच्याकडे आग आली.

विधीतल्या आणखी दोन गोष्टींवर थांबायला हवं. मला या सगळ्या विषयात सर्वांत अस्वस्थ करणाऱ्या त्याच आहेत. पहिली, प्राण्याचा दोर. तो सैल ठेवत. ताणून ओढत आणलेला बैल अशुभ. त्याने झटापट केली, सुटून पळाला तर विधी बिघडला. तो आपण होऊन चालत आला असं दिसलं पाहिजे. दुसरी, बासरी. प्रार्थना चालू असताना वादक सतत वाजवत राही. का? प्लिनी कारण देतो: दुसरं काही ऐकू येऊ नये म्हणून.

वैदिक कर्मकांडातही हीच काळजी आहे, आणि तिथे ती शब्दांतच शिरली आहे. यज्ञातल्या पशूला मारण्याला 'संज्ञपन' म्हणत. शब्दशः अर्थ, संमती मिळवणे, राजी करणे. मारणाऱ्याचं नाव 'शमिता', शांत करणारा. पशूचा गळा चिरत नसत. तोंड-नाक दाबून श्वास कोंडत, म्हणजे आवाज होऊ नये. दोन संस्कृती, दोन भाषा, आणि दोघींना एकच गोष्ट झाकायची आहे: मरणाऱ्याने 'हो' म्हटलेलं नाही.

शब्दाकडे परत येऊ. 'पीठ शिंपडणे' या अर्थाचा शब्द 'बळी देणे' या अर्थाकडे सरकला, ते समजायला कठीण नाही. पीठ पडलं की पुढे काय होणार हे सगळ्यांना माहीत असे. लग्नाला 'अक्षता पडल्या' म्हणतो तेव्हा आपल्याला तांदूळ अभिप्रेत नसतात, लग्न लागलं हे अभिप्रेत असतं. तसंच हे. इसवीसनपूर्व ९७ मध्ये रोमच्या सिनेटने नरबळी बंद करण्याचा ठराव केला, त्याची नोंद करताना प्लिनी हेच क्रियापद वापरतो: माणूस 'इम्मोलारे' केला जाऊ नये. इथे पिठाची बंदी कुणालाच अभिप्रेत नाही.

व्हर्जिलच्या 'ईनिड' महाकाव्यात या शब्दाची दोन्ही टोकं सापडतात. दुसऱ्या सर्गात सायनन नावाचा ग्रीक हेर ट्रॉयच्या लोकांना आपली खोटी कर्मकहाणी सांगतो, लाकडी घोडा शहरात घ्यायला लावण्यासाठी. माझ्याच लोकांनी मला बळी द्यायचं ठरवलं होतं, तो म्हणतो. माझ्यासाठी खारवलेलं धान्य तयार झालं होतं, कपाळाला बांधायच्या पट्ट्या तयार झाल्या होत्या. सुरीचा उल्लेख नाही. खारवलेलं धान्य म्हटलं की रोमन ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येणार, हे कवीला ठाऊक होतं. आणि अगदी शेवटी, बाराव्या सर्गात, पराभूत टर्नस दयेची याचना करत असतो. ईनियस क्षणभर थबकतो. मग त्याला टर्नसच्या खांद्यावर आपल्या मारल्या गेलेल्या तरुण मित्राचा, पॅलासचा, पट्टा दिसतो. 'या घावाने पॅलास तुला इमोलेट करतो आहे,' असं म्हणून तो तलवार खुपसतो. इथे पीठ नाही, वेदी नाही, पुजारी नाही. रागाने केलेल्या वधाला ईनियस यज्ञाचं नाव देतो. तो बळी आहे की सूड, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. माझं मत विचाराल तर सूडच, आणि व्हर्जिलने तो शब्द तिथे ठेवला तो आपल्याला हे कळावं म्हणूनच.

पुढे रोम ख्रिस्ती झालं. ३९१ मध्ये सम्राट थिओडोसियसने बळींवर बंदी घातली. त्यानंतर काही वर्षांत वेस्टेचा अग्नीही विझला आणि मोला साल्सा करणारं कुणी उरलं नाही. शब्द मात्र उरला. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने बायबलचं लॅटिन भाषांतर सुरू केलं. त्या लॅटिन बायबलात करिंथकरांस पहिल्या पत्रात जे वाक्य आहे त्याचा भाव असा: आपला वल्हांडणाचा कोकरू, ख्रिस्त, अर्पण झाला. 'अर्पण झाला' यासाठी लॅटिनमध्ये 'इम्मोलातुस एस्त' आहे. ज्या शब्दाने जुन्या देवांपुढे बैल उभे राहत, तोच आता क्रूसावरच्या मृत्यूसाठी आला. अकराव्या शतकातल्या ईस्टरच्या एका प्रसिद्ध लॅटिन स्तोत्राची सुरुवात त्याहून सुंदर आहे. त्या बळीला ख्रिस्ती जनांनी स्तुती 'इमोलेट' करावी, असं ती म्हणते. इथे कुणी मरत नाही. वाहायची आहे ती स्तुती.

इथेच एक आडवळण. लॅटिनमध्ये बळीच्या प्राण्याला 'होस्तिया' म्हणत. गोव्यातल्या किंवा वसईतल्या चर्चमध्ये मिस्साच्या वेळी जी पिठाची पातळ, पांढरी, गोल चकती दिली जाते, तिला पोर्तुगीजमध्ये 'ऑस्तिया' आणि इंग्रजीत 'होस्ट' म्हणतात, ते याच होस्तियावरून. एकीकडे पिठाच्या शब्दाला प्राण्याच्या मरणाचा अर्थ आला. दुसरीकडे प्राण्याचा शब्द पिठाच्या चकतीवर येऊन विसावला. दोन शब्द वाटेत एकमेकांना ओलांडून गेले. (पाहुण्यांचं करणारा 'होस्ट' हा वेगळ्या लॅटिन मुळाचा. पण त्याला मराठीत आपण 'यजमान' म्हणतो, आणि यजमान म्हणजे मुळात यज्ञ करवणारा! हा निव्वळ योगायोग आहे, पण मला तो आवडतो.)

इंग्रजीत 'इमोलेशन' पंधराव्या शतकात आला, 'इमोलेट' सोळाव्यात. सुरुवातीला अर्थ बळी देणे हाच. मग आग कधी शिरली?

एका दिवसात नाही. पण माझी समजूत अशी आहे की त्यात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी, मिशनरी, प्रवासी यांनी सतीची प्रथा पाहिली आणि इंग्रजी वाचकांसाठी लिहिली, तेव्हा त्यांच्या लेखणीतून हा शब्द पुन्हा पुन्हा उतरला. १८२० च्या दशकात ब्रिटिश संसदेपुढे याविषयीची कागदपत्रं ठेवली जात होती. त्यांच्या मथळ्याचं मराठी असं होईल: 'हिंदू विधवा आणि स्वेच्छेची इमोलेशन्स'. दशकानुदशकं एखादा शब्द चितेशेजारी उभा राहिला की त्याला धुराचा वास लागणारच.

तो मथळा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा 'स्वेच्छेची' या शब्दापाशी अडकलो. सैल दोर आठवला. बासरी आठवली. सतीच्या वेळी ढोल-ताशे वाजत असत, हे अनेक प्रत्यक्षदर्शींनी लिहून ठेवलं आहे. मळवट भरलेली, सजवलेली बाई मिरवत नेली जाई. ती आपण होऊन चालली आहे असं दिसायला हवं असे.

आणि हे फक्त इंग्रजांच्या शब्दात होतं असं नाही. आपली मराठी पाहा. 'सती गेली' म्हणतो आपण. कर्ता ती, क्रिया तिची. जुना शिष्ट शब्द 'सहगमन', म्हणजे बरोबर जाणे. जणू गावाला निघाली आहे. तिला पाठवणारं, धरणारं, काडी लावणारं कुणी त्या वाक्यात नाहीच. व्याकरणानेच तिच्या तोंडी 'हो' घातलं. 'संज्ञपन' या शब्दाने पशूला जे केलं तेच.

४ डिसेंबर १८२९ रोजी लॉर्ड विल्यम बेंटिंकने बंगाल इलाख्यात सती बेकायदा ठरवणारा सतरावा नियम काढला. पुढच्या वर्षी मुंबई आणि मद्रास इलाख्यांत तशीच बंदी आली. त्या नियमाच्या शीर्षकात 'इमोलेशन' नाही. तिथे सरळ म्हटलं आहे: हिंदू विधवांना जिवंत जाळणे किंवा पुरणे. १९८७ च्या आपल्या केंद्रीय सती प्रतिबंधक कायद्याने तर व्याख्येतच लिहून टाकलं की ते स्वेच्छेने झालं असा दावा असो वा नसो, ती सतीच धरली जाईल. कायद्याची भाषा रूक्ष असते म्हणून आपण नाकं मुरडतो. पण इथे त्या रूक्षपणानेच बासरी बंद पाडली.

आग आणि इमोलेशन यांची गाठ पक्की बसली ती विसाव्या शतकात. ११ जून १९६३ रोजी सायगावमध्ये थिच क्वांग डुक या वयोवृद्ध बौद्ध भिक्षूने दक्षिण व्हिएतनामच्या सरकारकडून बौद्धांवर होणाऱ्या जुलमाच्या निषेधार्थ भर चौकात आत्मदहन केलं. माल्कम ब्राउन या अमेरिकन वार्ताहराने काढलेलं छायाचित्र जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलं. त्याखालच्या ओळींमधून 'सेल्फ-इमोलेशन' हा शब्द घराघरांत गेला. त्यानंतर इंग्रजी वाचकाच्या मनात या शब्दाबरोबर तेच चित्र उभं राहतं. पुढच्या पिढ्यांना पहिला अर्थ माहीतही नाही; इंग्रजीत आता गाडी पेटली तरी ती 'इमोलेट' झाली असं लिहिणारे आहेत. ते मला चुकीचं वाटतं, शुद्धतेच्या हट्टापायी नव्हे. या शब्दात कुणीतरी, काहीतरी, कुणालातरी वाहतो. पेटलेली गाडी कुणाला वाहिलेली नसते.

आता आपल्या घरचा शब्द. 'बळी'.

संस्कृतात 'बलि' म्हणजे अर्पण, आणि ते बहुधा अन्नाचंच. रोजच्या पंचमहायज्ञांतला भूतयज्ञ म्हणजे बलिहरण: शिजवलेल्या भाताचे लहान लहान भाग प्राणिमात्रांसाठी काढून ठेवायचे. श्राद्धाच्या दिवशी कावळ्यासाठी ठेवतात तो काकबली. राजाला दिला जाणारा धान्याचा वाटा, म्हणजे करसुद्धा 'बलि'च. 'रघुवंशा'च्या पहिल्या सर्गात कालिदास दिलीपाबद्दल सांगतो की प्रजेच्या भल्यासाठीच तो प्रजेकडून बलि घेई. सूर्य पाणी शोषतो ते हजारपटीने परत द्यायला, तसा. त्यात कुणाच्या जिवाचा प्रश्न नाही.

आणि आजचं वर्तमानपत्र पाहा. 'थंडीचे तीन बळी'. 'खड्ड्याने घेतला तरुणाचा बळी'. क्रीडापानावर गोलंदाज पाच बळी घेतो. भाताची मूद, मग बोकड, मग मेलेला माणूस. 'मोला'पासून 'इमोलेट'पर्यंतचाच हा रस्ता, फक्त वेगळ्या भाषेतून गेलेला. खड्ड्याच्या बातमीतला 'बळी' मला खटकतो, आणि त्याचं कारण पेटलेल्या गाडीचंच आहे. त्या तरुणाला कुणी कुणाला अर्पण केलं नव्हतं. रस्ता नीट बुजवला नव्हता म्हणून तो मेला. 'बळी' म्हटलं की नकळत त्या मरणात एखाद्या दैवी मागणीची छटा मिसळते आणि रस्ता बुजवायचं काम ज्याचं होतं तो माणूस वाक्यातून निसटतो.

उलट दिशेचं उदाहरणही मराठीत आहे. मुंबईच्या हुतात्मा चौकातला 'हुतात्मा' हा शब्द फोडला तर 'हुत' म्हणजे अग्नीत आहुती दिलेला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांच्यासाठी तो वापरला गेला, त्यांचे प्राण मुख्यतः पोलिसांच्या गोळीबारात गेले. शब्दात आग आहे, घटनेत नव्हती. तरी तिथे तो शोभतो, कारण ती माणसं ज्यासाठी उभी राहिली ते सांगता येतं.

म्हणूनच 'सेल्फ-इमोलेशन'चं मराठी करताना आपल्याला निवडायला मिळतं, ही आपली श्रीमंती आहे. 'आत्मदहन' फक्त काय घडलं ते सांगतो. 'आत्माहुती' आणि 'आत्मबलिदान' कशासाठी घडलं तेही सांगतात, आणि ते योग्य होतं असा निवाडाही हळूच देऊन टाकतात. जिल्हाधिकारी कार्यालयासमोर हताश होऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या बातमीत आपली वर्तमानपत्रं 'आत्मदहनाचा इशारा' असंच लिहितात, ते बरोबर आहे. तिथे 'आहुती' म्हणणं म्हणजे त्याच्या हतबलतेवर मोला साल्सा शिंपडणं.

मग जुन्या, मूळ अर्थाच्या 'इम्मोलारे'ला मराठीत काय म्हणायचं? रोममध्ये आरवाल बंधू नावाचं पुजाऱ्यांचं एक मंडळ होतं. शेताच्या देवीची पूजा त्यांच्याकडे असे आणि आपल्या विधींच्या नोंदी ते दगडावर कोरून ठेवत. त्यांतले कितीतरी तुकडे सापडले आहेत. त्यात वाक्यं अशी येतात: अमुक देवाला बैल, अमुक देवीला गाय, पुढे 'इम्मोलाविट'. आतड्या-काळजाचा भाग वेदीवर पोचवल्याची नोंद नंतर, वेगळी. इंग्रजी भाषांतरात बहुतेकदा 'सॅक्रिफाइस्ड' लिहून मोकळे होतात आणि दोन पायऱ्यांमधली फट बुजते.

मराठीत 'मारला', 'कापला', 'बळी दिला' यांपैकी काहीच बसत नाही, कारण त्या क्षणी बैल जिवंत आहे, पाठीवर पीठ सांडलेलं आहे आणि 'करू का?' हा प्रश्न अजून विचारला गेलेला नाही. पण आपण फूल वाहतो. बेल वाहतो. नारळ वाहतो. जत्रेत कुणी देवीला बोकड वाहतो, आणि कापतो ते नंतर. दगडावरच्या त्या शब्दापुढे मी पेन्सिलीने 'वाहिला' असं लिहून ठेवलं आहे.